अडकलेला घास आणि बालवाडीच्या बाई

मुलाला पहिल्या दिवशी बालवाडीत पोचविताना आई बाईंना साधारणतः दोन गोष्टी सांगते. डबा संपवील एवढे पाहा, ही एक. आणि रडू लागला तर थोडा वेळ जवळ घ्या, ही दुसरी. डबा खाताना याच्या गळ्यात घास अडकला, तर काय करावयाचे हे आपणांस ठाऊक आहे ना, असे विचारणे मात्र कोणत्याच आईला सुचत नाही. आणि सुचले तरी ते तिला अशुभ वाटते. बाईंनाही हा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नसतो. त्यांच्या शिक्षणक्रमात गाणी होती, गोष्टी होत्या, मातीकाम होते, बालमानसशास्त्र होते. आणि प्रथमोपचारावर असलाच तर एखादा तास होता. त्या तासाला फळ्यावरची आकृती त्यांनी वहीत उतरवून घेतली. आकृती वहीत राहिली. घास अडकण्याचा प्रसंग मात्र वही उघडण्याइतका वेळ कोणालाच देत नाही.

असा प्रसंग एखाद्या शिक्षिकेच्या साऱ्या नोकरीत एकदाही येणार नाही, हे शक्य आहे; बहुधा तसेच घडेल. परंतु जे एका बालवाडीत दुर्मिळ, ते साऱ्या देशाचा विचार करता दुर्मिळ राहत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास योजनेचा प्रारंभ झाला. आज त्या योजनेखालील अंगणवाड्यांची संख्या जवळजवळ चौदा लाखांवर गेली आहे. खाजगी बालवाड्या, शिशुविहार आणि पाळणाघरे त्यांखेरीज वेगळी. या प्रत्येक ठिकाणी तीन ते सहा वर्षांची मुले रोज एकत्र बसून काहीतरी खातात. त्यांच्यापाशी त्या वेळी डॉक्टर नसतो, परिचारिका नसते. असतात त्या बाई, आणि फार तर एक मदतनीस. म्हणून त्या दोघींची तयारी हीच त्या मुलांची खरी सुरक्षितता होय.

बालशिक्षण आणि आरोग्य यांचे नाते मुळात जुने आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी या शिक्षणाने डॉक्टर होत्या. १९३९ साली त्या भारतात आल्या; परंतु त्यापूर्वीच त्यांच्या विचारांची मुळे गुजरात-महाराष्ट्राच्या मातीत रुजली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात नखे पाहणे, केस विंचरणे, हातपाय धुणे, डोळे तपासणे हे शिक्षणाचेच पाठ मानले गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचारही त्यांचाच. अशा परंपरेत वाढलेल्या बालवाडीने मुलाचा श्वास सांभाळण्याची विद्या आपलीशी करावी, यात परके असे काहीच नाही.

आता मुळात घास अडकतो म्हणजे काय होते, हे पाहू. घशात दोन वाटा असतात. मागची वाट अन्ननलिकेची, पुढची श्वासनलिकेची. घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण आपोआप मिटते आणि अन्न मागच्या वाटेने जाते. गिळण्याच्या क्षणी मूल हसले, रडले, बोलले किंवा धावता धावता त्याने खोल श्वास घेतला, तर ही व्यवस्था चुकते आणि घास पुढच्या वाटेला लागतो. मोठ्या माणसाला हे होत नाही असे नाही. परंतु मुलाच्या बाबतीत तीन अडचणी अधिक असतात. पहिली दातांची. दुधाच्या शेवटच्या दाढा सुमारे अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास. मधल्या काळात दाणा किंवा फुटाणा नीट दळून खाण्याचे कसब मुलाच्या अंगी पुरते आलेले नसते. दुसरी अडचण नळीच्या मापाची. मुलाची श्वासनलिका साधारणतः त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढी जाड असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नसून सोळा पट होतो, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. म्हणजे मोठ्या माणसाला केवळ ठसका आणणारा तुकडा लहान मुलाचा श्वास जवळजवळ बंद करू शकतो. तिसरी अडचण बळाची. मुलाच्या खोकल्यात मोठ्या माणसाच्या खोकल्याइतका जोर नसतो. श्वास पूर्ण बंद झाला, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. उपचारासाठी हाती असलेला काळ एवढाच.

अडकणाऱ्या वस्तूंची यादी देशोदेशी निराळी असते. आपल्याकडे मुलांच्या श्वासमार्गातून डॉक्टरांना काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा क्रमांक फार वरचा आहे. त्याच्या पाठोपाठ फुटाणे, हरभरे, वाटाणे, सुपारीचे खांड, सीताफळाच्या बिया, चिंचोके आणि बोराच्या आठळ्या येतात. अखंड द्राक्ष हे फार धोक्याचे. ते गुळगुळीत असते, लवचीक असते आणि नळीच्या तोंडात बुचासारखे घट्ट बसते. खाण्याच्या वस्तूंखेरीज मणी, गुंडी, नाणे, पेनाचे टोपण आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा यांचाही हिशेब ठेवावयास हवा. फुग्याचे पातळ रबर घशावर चिकटून बसते आणि खोकल्याने सहजी निघत नाही. यात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, मोजणी शिकविण्यासाठी बालवाडीत जे साहित्य मोठ्या हौसेने जमविले जाते, ते चिंचोके, मणी आणि गुंड्याच असतात. हे साहित्य टाकून द्यावे असे नव्हे. परंतु ते मोजून द्यावे, मोजून परत घ्यावे, आणि तीन वर्षांखालील भावंड वर्गात येऊन बसले असेल तर त्या दिवशी ते काढूच नये. विकत घेतलेल्या खेळण्यांसाठी भारत सरकारने २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला व तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यामुळे खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे आवश्यक झाले. सुट्या भागांच्या परीक्षेसाठी सुमारे बत्तीस मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा जो भाग या नळकांड्यात पुरता मावतो, तो धोक्याचा समजला जातो. बाईंनी हे माप एकदा डोळ्यांत साठविले, की वर्गातील पुष्कळशा वस्तूंची पारख त्यांना आपोआप होऊ लागेल.

यावर कोणी म्हणेल की, मग शेंगदाणा बंदच करावा. पण शेंगदाणा हे गरिबाघरचे प्रथिन आहे. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून दिवसाला किती उष्मांक आणि किती प्रथिने मिळावीत, याचे पूरक पोषण आहाराचे प्रमाण ठरले आहे. आणि ते स्वस्तात गाठावयाचे तर दाणे-डाळींवाचून चालत नाही. सुदैवाने यावरचा उपाय मराठी स्वयंपाकघरात पूर्वीपासूनच आहे. अखंड दाणा देण्याऐवजी दाण्याचे कूट द्यावे. फुटाणे दळून त्यांचे पीठ करावे. काकडी आणि गाजर यांच्या कडक फोडींऐवजी ती किसून त्यांची कोशिंबीर करावी. द्राक्ष उभे चिरून त्याच्या चार फोडी कराव्यात. आडव्या चकत्या करू नयेत, कारण त्या पुन्हा नळीच्याच आकाराच्या होतात. बोर, जांभूळ, सीताफळ यांचा गर काढून द्यावा. चिक्कीचा कडक तुकडा या वयाला योग्य नाही. त्याच दाणागुळाचा मऊ लाडू अधिक बरा.

पंक्तीचा शिस्तपाठही असाच जुना आहे. हात धुऊन, मांडी घालून, श्लोक म्हणून, सावकाश चावून जेवावे आणि तोंडात घास असता बोलू नये, असे घरोघर सांगितले जात असे. त्यातील धर्मभावना बाजूला ठेवली, तरी श्वासनलिकेच्या दृष्टीने ही शिस्त सर्वस्वी योग्य ठरते. चालता चालता, घसरगुंडीवर किंवा रिक्षात बसून खाणे टाळावे. रडत्या मुलाच्या तोंडात घास कोंबू नये. उशीर होतो म्हणून भरभर भरवू नये. आणि मुले जेवीत असताना बाईंनी हजेरीपट भरीत बसू नये. त्या अर्ध्या तासाचे काम एकच, आणि ते म्हणजे मुलांच्या तोंडांकडे पाहणे.

हे पाहणे वाटते तेवढे सोपे नाही. शिक्षिकेचे कान आवाजाला सरावलेले असतात. जेथे रडणे, भांडणे, पडणे, तेथे तिचे लक्ष धावते. शांत बसलेल्या मुलाकडे पाहून तिला समाधान वाटते. परंतु ज्याचा श्वास पुरता अडकला आहे, ते मूल ओरडू शकत नाही. आवाज निघण्यासाठी हवा लागते, आणि हवाच तर बंद झालेली असते. म्हणून पंक्तीत एकाएकी गप्प झालेले मूल हे सर्वांत आधी पाहण्याचे मूल होय.

येथे दोन अवस्थांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. पहिल्या अवस्थेत मूल जोराने खोकते, रडते, बोलू शकते. मधूनमधून श्वास आत घेते. याचा अर्थ वाट थोडी तरी मोकळी आहे. या वेळी खोकला हाच उत्तम वैद्य. मुलाला पुढे वाकवून खोकण्यास उत्तेजन द्यावे, जवळ थांबावे आणि लक्ष ठेवावे. पाठीत मारू नये. दुसऱ्या अवस्थेत खोकल्याचा आवाज बंद पडतो, शब्द फुटत नाही, श्वास आत जात नाही, डोळे विस्फारतात, ओठ निळसर होऊ लागतात. मोठी मुले गळ्याकडे हात नेतात. लहान मुले तेवढेही करतीलच असे नाही. या क्षणापासून मिनिटे मोजली जाऊ लागतात.

अशा वेळी भोवतालची माणसे स्वस्थ बसत नाहीत. ती काहीतरी करतातच. अडचण अशी की, त्यांतील बरेचसे अपायकारक असते. डोक्यावर थोपटून 'वर बघ' म्हणण्याने मूल मान मागे टाकते, आणि घास आणखी खाली उतरण्यास मदत होते. पाणी पाजले तर ते अडलेल्या वाटेवर साचते. केळे किंवा भाताचा गोळा गिळावयास देणे हा उपाय घशात रुतलेल्या माशाच्या काट्यासाठी काही घरांत करतात. श्वास अडलेल्या मुलाच्या बाबतीत तो बुचावर दुसरे बूच बसविण्यासारखा आहे. मुलाला पायांना धरून उलटे टांगण्यात ते हातून निसटण्याची भीती असते. आणि सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे न पाहताच घशात बोट घालून चाचपणे. तुकडा डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तरच तो अलगद काढावा. एरवी बोटाच्या धक्क्याने तो अधिक खोल जातो.

योग्य उपायालाही स्वतःचा एक इतिहास आहे. १९६३ साली अमेरिकेत एका वैद्यकीय लेखात असे दाखविण्यात आले की, उपाहारगृहात जेवताना अकस्मात मरण पावणारी जी माणसे हृदयविकाराने गेली असे समजत, त्यांपैकी काही वस्तुतः घास अडकून गेलेली असत. १९७४ साली हेन्री हाइमलिक या शल्यविशारदाने पोटावर आत व वर दाब देण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व सोपे आहे. श्वास अडला तरी फुप्फुसांत थोडी हवा शिल्लक असते. पोटाच्या वरच्या भागी झटक्याने दाब दिला की छाती व पोट यांमधला पडदा वर उचलला जातो, ती हवा जोराने वर येते आणि बाटलीचे बूच उडावे तसा तुकडा बाहेर पडतो. हाइमलिक यांनी पाठीवरील थापांना कडाडून विरोध केला आणि १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत पाठीवरील थापा मोठ्या मुलांसाठी जवळजवळ बाद झाल्या. परंतु पुढील अनुभवाने त्या पुन्हा मान्य झाल्या. युरोपातील पुनरुज्जीवन परिषदांनी त्यांचा पुरस्कार केला, आणि २०२५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब, असाच क्रम मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी सांगितला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या शिक्षिकेला तेव्हा जे शिकविले गेले, ते तेव्हाच्या मानाने बरोबर असेल; तरीही तिने आज पुन्हा शिकणे अगत्याचे आहे.

आता प्रत्यक्ष कृती. एक वर्षावरील मुलाचा श्वास पुरता अडला आहे असे दिसताच मदतीसाठी मोठ्याने हाक द्यावी आणि दुसऱ्या व्यक्तीस दूरध्वनी करावयास सांगावे. ११२ हा क्रमांक देशभर चालतो आणि अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हाही आहे. स्वतः मुलाला सोडून जाऊ नये. मुलाला पुढे वाकवावे. मूल लहानखुरे असेल तर बसून मांडीवर पालथे घ्यावे, डोके खाली राहील असे. तळहाताच्या मनगटाकडील भागाने खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध पाच जोरकस थापा माराव्यात. प्रत्येक थापेनंतर तुकडा निघाला का, ते पाहावे. पाचांची संख्या पुरी करणे हा हेतू नाही, वाट मोकळी होणे हा आहे. एवढ्याने भागले नाही, तर मुलाच्या मागे गुडघे टेकून बसावे, दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालावेत, एक मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत व वर असा झटक्याने दाब द्यावा. असे पाच वेळा. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. तुकडा निघेपर्यंत किंवा मूल शुद्ध हरपेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

एक वर्षाखालील बालकाची रीत वेगळी. पाळणाघरांतील बायांना ती अवश्य यावयास हवी. बालकाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, त्याचा जबडा हाताने सावरावा, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग त्याला उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर पाच दाब द्यावेत. एवढ्या लहान बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाब देऊ नये; यकृतासारखे कोवळे अवयव त्याने दुखावतात.

मूल बेशुद्ध झालेच, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, तोंड उघडून पाहावे, तुकडा दिसला तर काढावा आणि छातीदाब व कृत्रिम श्वास सुरू करावेत. एकट्या माणसाने तीस दाब आणि दोन श्वास, दाबांची गती मिनिटाला १०० ते १२०, आणि दर वेळी श्वास देण्यापूर्वी तोंडात एकदा पाहणे, असा हा क्रम आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. ही क्रिया ऐकून येत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. ती बाहुल्यावर हात ठेवून, कोणीतरी चूक दाखवून देत असताना शिकावी लागते.

तुकडा निघाला आणि मूल रडू लागले की सगळ्यांना हायसे वाटते. तरीही काम तेथे संपत नाही. पोटावर दाब दिलेल्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, कारण आतून दुखापत झालेली असू शकते. शिवाय दाण्याचा एखादा अंश खाली उतरून बहुधा उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागतो. ती वाट डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते. असे मूल दिवसभर बरे दिसते. मग त्याला खोकला सुरू होतो, ताप येतो, औषधांनी तात्पुरते बरे वाटते आणि पुन्हा तेच. जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली प्रथमच नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा काढला, तेव्हापासून असे तुकडे शस्त्रक्रियेने छाती न उघडता काढता येऊ लागले. पुढे अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या गळ्यांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. परंतु डॉक्टरने नळी घालावी, यासाठी घास अडकला होता ही हकीकत त्याच्यापर्यंत पोचावी लागते. ती ठाऊक असते फक्त बाईंना. घरी सांगितले तर बोल लागेल म्हणून बाई गप्प राहिल्या, तर मुलाचा खोकला महिनोन्‌महिने दमा समजला जाण्याचा संभव असतो. म्हणून काय अडकले, किती वाजता, काय केले, हे कागदावर लिहून पालकांच्या हाती देणे हाही प्रथमोपचाराचाच भाग मानावा.

शिक्षिकांच्या तयारीविषयी देशोदेशी ज्या पाहण्या झाल्या, त्यांचा सूर बराचसा सारखा आहे. प्रथमोपचार यावयास हवा, असे बहुतेक शिक्षिका मनापासून म्हणतात. प्रत्यक्ष प्रश्न विचारले की अनेकींची उत्तरे चुकतात. आणि ज्यांनी हातांनी सराव केला आहे, त्यांची बरोबर येतात. म्हणजे उणीव आस्थेची नाही, सरावाची आहे. शिवाय शिकलेले कसब काही महिन्यांतच पुसट होऊ लागते, हेही अनुभवास आले आहे. सायकल एकदा आली की जन्मभर येते. हे कसब तसे नाही, कारण ते रोज वापरले जात नाही. सुदैवाने नाही.

दुसरी उणीव धैर्याची आहे, आणि तिच्याविषयी बोलणे अधिक जरूर आहे. परक्याच्या मुलाच्या पाठीत जोराने मारावयाचे, त्याचे पोट दाबावयाचे, आणि बरे-वाईट झाले तर? पालक काय म्हणतील, पोलीस काय म्हणतील, नोकरी राहील का, हे प्रश्न क्षणभर तरी मनात येतातच. आणि तो क्षण महाग असतो. म्हणून कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक शिक्षिकेस शांतपणे समजावून द्यावयास हवे. पालकांची संमती घेण्यास अवकाश नसताना एखाद्याच्या हितासाठी सद्हेतूने केलेले कृत्य, त्यातून इजा झाली तरी, अपराध ठरत नाही, असे तत्त्व १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ३० व्या कलमात कायम आहे. कायद्याने उदाहरणही मुलाचेच दिले आहे. घराला आग लागली असता खाली लोकांनी धरलेल्या घोंगडीत जो मुलाला वरून टाकतो, तो त्याला वाचविण्याच्या हेतूने ते करीत असेल, तर दुर्दैवाने मूल दगावले तरीही अपराधी ठरत नाही. मात्र सद्हेतू म्हणजे नुसती चांगली इच्छा नव्हे; योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेली कृती, असा त्याचा कायद्यातला अर्थ आहे. जिने रीतसर शिक्षण घेतले आहे, तिला आपली काळजी आणि लक्ष सिद्ध करणे सोपे जाते. अर्थात् प्रशिक्षणाने मुलाचे रक्षण होते तसेच बाईंचेही होते.

मग व्यवस्था कशी असावी? ती खर्चाची नाही. वर्षारंभी अर्धा दिवस प्रत्यक्ष शिक्षण, आणि दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटांची उजळणी, एवढ्याने पुष्कळ साधते. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस यांच्या शाखा अनेक जिल्ह्यांत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रेही आहेत. अंगणवाडी सेविकांच्या मासिक बैठका ठरलेल्या असतातच. त्यांतील एका बैठकीत अहवालांच्या तक्त्यांआधी बाहुला पुढे ठेवला, तर वेगळा प्रवासखर्चही लागत नाही. सराव नेहमी बाहुल्यावर किंवा उशीवर करावा. जिवंत मुलाच्या पोटावर कधीही नव्हे. सेविकेबरोबर मदतनीस, स्वयंपाकीण आणि रिक्षाचालक यांनाही शिकवावे. घास पदनाम पाहून अडकत नाही.

सरावात एका गोष्टीचा समावेश मुद्दाम करावा. बाई एका मुलाला सावरीत असताना उरलेल्या पंचवीस मुलांचे काय? ती घाबरतात, रडतात, भोवती गर्दी करतात, कोणी रस्त्यावर धावते. म्हणून कोणी काय करावयाचे, ते आधीच ठरलेले असावे. एकीने उपचार, दुसरीने दूरध्वनी करून मुलांना अंगणात नेणे व त्यांची मोजदाद ठेवणे. जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि बालवाडीचा पत्ता, खुणेच्या देवळासह किंवा चौकासह, मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावलेला असावा. घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्ताही आठवत नाही. जेथे एकच शिक्षिका आहे, तेथे शेजारच्या घरातील एखाद्या बाईला हाक ऐकून धावून येण्याचे आधीच सांगून ठेवावे.

पालकांचाही यात वाटा आहे. डब्यात अखंड द्राक्षे, गोल गोळ्या आणि सुटे दाणे देऊ नयेत. वाढदिवसाला वर्गात फुगे व चॉकलेटे वाटण्याऐवजी दुसरे काही द्यावे. आणि बालवाडी निवडताना खेळण्यांचा रंग पाहावा तसा बाईंचा सरावही विचारावा. तो प्रश्न संशयाने विचारलेला नसेल, तर कोणत्याही चांगल्या शिक्षिकेला त्याचा राग येणार नाही. उलट ज्या संस्थेने आजवर तिला शिकविले नाही, त्या संस्थेपाशी मागणी करण्यास तिला त्यामुळे बळच मिळेल.

शाळा भरण्याच्या पहिल्या आठवड्यात बाकावर रंग बसतो, भिंतींवर चित्रे लागतात, हजेरीपटावर नवी नावे चढतात. त्याच आठवड्यातील एक दुपार एका बाहुल्यासाठी राखून ठेवावी. मुले घरी गेल्यावर सेविका व मदतनीस यांनी त्याला पुढे वाकवावे, पाच थापा द्याव्यात, मूठ कोठे ठेवावयाची ते एकमेकींना दाखवावे, आणि हाताला ती जागा पटकन सापडू लागेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे. या विद्येचा उपयोग करण्याची वेळ न येवो, हीच इच्छा. परंतु ती आलीच, तर त्या चार मिनिटांत बाईंच्या हातांना काय करावयाचे ते ठाऊक असले पाहिजे.